वारसाने आलेली, पण नको असलेली बंदूक: ठेवावी, विकावी की जमा करावी?

घरातला कर्ता माणूस गेल्यावर तेराव्यानंतर कागदपत्रं बाहेर निघतात. पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, सातबारा, सोसायटीचा शेअर दाखला, आणि काही घरांत लोखंडी कपाटाच्या तळाशी खाकी कापडी पिशवीत गुंडाळलेली दुनळी बंदूक किंवा रुमालात बांधलेलं रिव्हॉल्व्हर. इतर सगळ्या गोष्टींचं काय करायचं हे कुणीतरी सांगू शकतं. बंदुकीचं नाव काढलं की मात्र जो तो आपलं ऐकीव ज्ञान सांगतो: 'वर्षभर ठेवता येते', 'नावावर आपोआप होते', 'गपचूप विहिरीत टाकून द्या'. यातलं एकही खरं नाही, आणि तिसरा सल्ला तर थेट तुरुंगाच्या वाटेवर नेणारा आहे.

गोंधळाचं मूळ एकच. बंदूक ही जंगम मालमत्ता आहे, त्यामुळे तिची मालकी दागिन्यांसारखीच वारसांकडे येते. परवाना मात्र मालमत्ता नाही. तो त्या एका माणसाला, त्याचं वय, चारित्र्य, गरज पाहून दिलेला असतो आणि त्या माणसाबरोबरच संपतो. मृत्युपत्रात 'माझी बारा बोअरची बंदूक धाकट्या मुलास द्यावी' (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) असं लिहिलेलं असलं तरी धाकट्या मुलाला मिळते ती मालकी. बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार त्या मृत्युपत्रातून येत नाही. परवान्यात सेवक म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा म्हणून, दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर त्याचाही अधिकार मूळ परवान्याबरोबरच जातो.

म्हणून निर्णय दोन टप्प्यांत घ्यायचा. आधी बंदूक कायदेशीर ताब्यात जाऊ द्या. ती ठेवायची, विकायची की सरकारला देऊन टाकायची हे त्यानंतर सावकाश ठरवा. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. भावाभावांत 'कुणी घ्यायची' यावर सहा महिने चर्चा चालते आणि तेवढा काळ बंदूक बेकायदा कपाटात पडून राहते.

कायदा नेमकं काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ ही दोन पुस्तकं इथे लागू होतात. अधिनियमाच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा जवळ ठेवता येत नाही. रिकामी बंदूक आणि सुटी काडतुसं, दोन्हींना हे लागू आहे. कलम २१ म्हणतं की कुठल्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तर ते विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. परवानाधारकाचा मृत्यू हे असंच कारण. या कलमात दिवसांचा आकडा दिलेला नाही. त्यामुळे 'तीन महिन्यांची मुभा असते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सुतकात ठाण्यात गेला नाहीत म्हणून कुणी बोट दाखवणार नाही, पण वर्षश्राद्ध उलटून गेल्यावर 'विलंब झाला नाही' हे सांगणं अवघड जातं.

परवान्याशिवाय साधं, म्हणजे प्रतिबंधित नसलेलं शस्त्र बाळगल्यास शिक्षा किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं आणि दंड. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीआधी हीच शिक्षा १ ते ३ वर्षं होती. हे वाचून दरदरून घाम फुटायचं कारण नाही. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत बंदूक आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं, तर तो तुमचा जाणीवपूर्वक ताबा नव्हे. पण ट्रंक उघडून पाहिलीत आणि परत बंद केलीत, की तुम्हाला ठाऊक झालं. त्या दिवसापासून तुमचं वागणं मोजलं जातं.

हात लावण्याआधी

घरातल्या एकाच प्रौढ माणसाने हे काम करावं, आणि मुलं दुसऱ्या खोलीत असावीत. बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. नळीचं तोंड भिंतीच्या किंवा जमिनीच्या दिशेला, बोट चापापासून लांब.

बारा बोअरची दुनळी असेल तर तिच्या मानेवर, दस्त्याच्या बाजूला, एक खिटी असते. ती अंगठ्याने उजवीकडे ढकलली की नळ्या पुढे झुकतात आणि मागचं तोंड उघडं पडतं. तिथे पितळी बूड दिसलं तर काडतूस आत आहे. ते नखाने ओढून निघालं तर काढा. फुगून अडकलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी यांतलं काहीही वापरू नका. बंदूक उघडीच ठेवा आणि पोलिसांना तसं सांगा. बाहेरून घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत घोडा मागे चढलेला दिसला तर तो उतरवायचा प्रयत्नही करू नका. जुन्या स्प्रिंगवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असेल आणि तुम्ही ते कधी हाताळलेलं नसेल, तर आहे त्याच जागी ठेवून खोलीला कुलूप लावणं सगळ्यांत शहाणपणाचं.

कोकणात आणि गोव्यात घराघरांतून निघते ती ठासणीची बंदूक. माकडं, रानडुकरं यांच्यापासून नारळ, काजू, भात राखायला घेतलेली. ही सगळ्यांत फसवी, कारण ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून मुळीच कळत नाही. मागून उघडतच नाही. दारू आणि छर्रे तोंडातून ठासलेले असतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक वर्षांनीही पेट घेते. घोड्याखालच्या निपलवर (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या पोकळ बोंडावर) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवलेली दिसली तर बंदुकीला हातच लावायचा नाही. केप नसेल तर नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून एक सरळ लाकडी काठी अलगद आत सोडा. अडेल तिथे तोंडाजवळ काठीवर खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरा. काठीचं टोक निपलपाशी पोचत असेल तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे. मग ना पाणी ओता, ना ठोका, ना 'एकदा हवेत उडवून मोकळी करू' म्हणा. जमा करण्याच्या अर्जात 'बंदूक भरलेली असण्याची शक्यता आहे' असं स्पष्ट लिहा आणि ठाण्यातून माणूस बोलवा.

काडतुसं वेगळ्या डब्यात काढून मोजा. जुनी कागदी काडतुसं दमट हवेत फुगतात, पितळी बुडावर हिरवट थर येतो. ती उन्हात वाळत घालणं, चुलीत टाकणं, भंगारवाल्याला देणं, नदीत सोडणं, सगळंच धोक्याचं. बंदूक जमा केली आणि काडतुसं ड्रॉवरमध्ये विसरली, ही चूक वारंवार होते. परवान्याविना दोन काडतुसं ठेवणं हादेखील गुन्हाच.

परवाना पुस्तिका वाचायची कशी

पुस्तिकेत पाच गोष्टी शोधा: परवाना क्रमांक, यूआयएन, शस्त्राचा प्रकार आणि बोअर, शस्त्रावरचा क्रमांक, आणि शेवटच्या नूतनीकरणाची तारीख.

यूआयएन म्हणजे परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीसंचातला क्रमांक. वयस्क माणसांनी बऱ्याचदा तो घेतलेलाच नसतो, कारण तालुक्याच्या गावी बसून हा ऑनलाइन प्रकार त्यांच्या कानावर आला नाही. यूआयएन नाही किंवा नूतनीकरण दहा वर्षांपूर्वी संपलंय, असं दिसलं तर परवाना मृत्यूच्या आधीच निकामी झालेला होता. तुमचा त्यात दोष नाही, पण वारसाच्या अर्जात अडथळा येणार. अशा वेळी आधी जमा करणं आणखी निकडीचं.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ती क्रमांकातली तफावत. जुन्या इंग्लिश बंदुकांवर अनुक्रमांक चापाच्या कडीच्या लांबट पट्टीवर असतो. नळ्या काढल्या की त्यांच्या पोटाच्या सपाट भागावरही तोच आकडा असतो. त्याच सपाट भागावर पेटंटचा आकडा, प्रूफ हाऊसचे (नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के, बोअरचा आकडाही कोरलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कारकुनाने पेटंटचाच आकडा बंदुकीचा क्रमांक म्हणून उतरवला असेल, तर आज कागदावरची बंदूक वेगळी आणि हातातली वेगळी ठरते. जमा करताना ठाणे अंमलदाराला हे स्वतःहून दाखवा आणि पावतीवर दोन्ही आकडे लिहायला लावा. नंतर सापडलं तर 'मूळ बंदूक विकून दुसरी आणून ठेवली का' असा प्रश्न येतो. भिंग, टॉर्च आणि मऊ कापड घेऊन बसलात तर दहा मिनिटांचं काम. क्रमांक दिसत नाही म्हणून पॉलिश पेपरने मात्र घासू नका. क्रमांक खोडल्याचा आरोप अंगावर घ्यायची ती खात्रीची रीत आहे.

जमा करताना

बंदूक पिशवीत घालून बसने ठाण्यात जाणं टाळा, कारण वाटेत ती तुमच्या हातात विनापरवाना असते. आधी अर्ज द्या. अर्जात मृत व्यक्तीचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, शस्त्राचं वर्णन, काडतुसांची संख्या, 'शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार जमा करू इच्छितो' हे वाक्य, आणि 'शस्त्र आणण्यास परवानगी द्यावी अथवा कर्मचारी पाठवून ताब्यात घ्यावे' ही विनंती. सोबत मृत्यू दाखल्याची आणि परवान्याची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. एवढ्या पोचेनेच तुमची बाजू निम्मी भक्कम होते. ठाण्यात 'नंतर या' म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने ठाण्याला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला पाठवा. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांच्या परवाना शाखेला.

ठाण्याची पावती घेताना ती वाचून घ्या. 'एक बंदूक जमा' एवढंच लिहिलेलं असतं ते पुरत नाही. बनावट, बोअर, नळ्या किती, क्रमांक, काडतुसं किती, पट्टा-कव्हर-साफ करायची सळई, आणि स्थिती. स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांकही पावतीवर मागा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेली बंदूक परत आणायच्या आतच परवानाधारक वारला, असंही घडतं. तेव्हा जुनी निवडणुकीची पावती शोधा आणि ठाण्याला मृत्यू कळवून हीच जमा कलम २१ खाली धरावी असं लिहून द्या.

ठाणं की विक्रेता? ठाण्यात भाडं लागत नाही, पण मुद्देमालाच्या खोलीत बंदुकीला तेल कोण लावणार? दोन पावसाळ्यांत नळीच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि विकायची किंमत जाते. विक्रेत्याकडे महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं असतं, मात्र बंदूक साफसूफ राहते आणि गिऱ्हाईकही तोच आणू शकतो. विकायचीच असं मनात असेल, तर विक्रेता. वाद असेल किंवा कागद अर्धवट असतील, तर ठाणं. ठाण्यात देणार असाल तर आधी नळीत आणि बाहेर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकटून बसतं.

ठेवायची असेल तर

शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. 'देता येतो', द्यावाच लागतो असं नाही. वारसाचं वय २१ पूर्ण हवं, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, वैद्यकीय दाखला हवा, आणि पोलीस पडताळणीत उलट शेरा नको. अर्ज वारस जिथे राहतो तिथल्या परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. बंदूक साताऱ्यात आणि मुलगा पुण्यात असेल तर अर्ज पुण्यात, आणि मग साताऱ्याहून कागद येण्याची वाट. नियमाप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारत राहावं लागतं.

बाकी वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. इथेच बहुतेक अर्ज अडकतात. आईची सही विसरली जाते, कारण 'आईला काय विचारायचं' असं मुलांना वाटतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सहीही तितकीच आवश्यक.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आणि वारसाने येणाऱ्या शस्त्रांनाही ही मर्यादा आहे. म्हणजे वडिलांच्या दोन आणि तुमची स्वतःची एक असेल, तर एक काढावीच लागणार. परवाना मिळाला तर तो आता पाच वर्षांचा असतो.

आता मत विचाराल तर: शेती नाही, नेमबाजीचा नाद नाही, जिवाला धोका नाही, तर फ्लॅटमध्ये बंदूक ठेवू नका. आठवण म्हणून ठेवलेल्या शस्त्राला नूतनीकरण, निवडणुकीतली जमा, घर बदललं की पत्ता बदलणं आणि कुलपाची किल्ली कुणाकडे हा रोजचा प्रश्न, हे सगळं कायमचं चिकटतं. दसऱ्याला पूजेत मांडून स्टेटसला फोटो टाकणं आणि वरातीत बार काढणं हे तर वेगळंच प्रकरण. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आठवण हवी असेल तर पितळी काडतुसांचा रिकामा पट्टा, चामड्याचं कव्हर, शिकारीच्या सभांची जुनी छायाचित्रं यांना परवाना लागत नाही.

विकायची असेल तर

नियम २५ मध्येच सोय आहे. मृत व्यक्तीच्या परवान्यावरचं शस्त्र आणि काडतुसं विकण्यासाठी प्राधिकारी वारसाला मर्यादित मुदतीची परवानगी देऊ शकतो. यासाठी तुम्हाला स्वतःचा कायमचा परवाना काढावा लागत नाही. अर्जाचा विषयच 'मयत परवानाधारकाचे शस्त्र विक्रीसाठी मर्यादित कालावधीची परवानगी' असा ठेवा, म्हणजे कारकून तो वारस परवान्याच्या गठ्ठ्यात टाकणार नाही.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं: परवानाधारक विक्रेता, किंवा त्या प्रकारचं शस्त्र घ्यायची मंजुरी हातात असलेला माणूस. कलम ५ नुसार खासगी मालकाने शस्त्र विकण्याआधी कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. त्याआधी बंदूक हवाली करू नका, विसार घेतलेला असला तरी. खरेदीदाराचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहा. त्यात तोच प्रकार, तोच बोअर, आणि खरेदीची मुदत संपलेली नाही हे तपासा. व्यवहारानंतर त्याच्या परवान्यावर तुमच्या बंदुकीचा क्रमांक चढल्याची प्रत घेतल्याशिवाय फाइल बंद समजू नका.

किमतीबद्दल घरच्यांचे अंदाज हमखास चुकतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी वापरासाठी हातशस्त्रांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेलं चांगल्या अवस्थेतलं पॉइंट ३२ चं परदेशी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल लाखांत जाऊ शकतं. त्याच्या शेजारी ठेवलेली आजोबांची देखणी बारा बोअर दुनळी मात्र काही हजारांत अडते, कारण शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने संपली आणि दुनळीचं काम शेतीराखणीपुरतं उरलं.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते का पाहा. ती डॅमास्कस नळी, लोखंड आणि पोलाद पिळून केलेली. दिसायला सुरेख, पण बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली. आजची काडतुसं त्यात उडवली तर नळी फाटून डाव्या हाताची बोटं जाण्याचा धोका असतो. अनेक जुन्या बंदुकांचं खोबणं, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचं असतं, आजचं नेहमीचं काडतूस ७० चं. ते आत बसतं, म्हणूनच घात होतो: उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. विकताना खरेदीदाराला हे सांगा, आणि भाव सांगायला एकाऐवजी दोन विक्रेत्यांना दाखवा.

सरकारला देऊन टाकायची असेल तर

अगदी साधा मार्ग. जमा करताना किंवा नंतर, सगळ्या वारसांच्या सहीने लिहून द्या की हे शस्त्र आम्हाला परत नको, विकायचं नाही, शासनाने विल्हेवाट लावावी. मोबदला मिळत नाही. काहीच न लिहिता बंदूक ठाण्यात सोडून दिली तरी शेवट तिथेच होतो. ठरलेल्या मुदतीत ती परत नेली नाही किंवा विकली नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ३० दिवसांची नोटीस काढून जप्तीचा आदेश देऊ शकतात. नोटीस मात्र जुन्या पत्त्यावर जाते, एक भाऊ म्हणतो 'मला विचारलंच नाही', आणि भांडण ठाण्याच्या पायरीवर येतं. लिहून दिलेलं बरं.

स्वतः कापून, वितळवून, नळीत सिमेंट भरून 'शोभेची' करू नका. नळी कापणं हा स्वतंत्र आणि मोठा गुन्हा आहे. त्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. २० इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूक प्रतिबंधित गटात मोडते.

वेगळ्या वाटेची शस्त्रं

आजोबा फौजेत होते, महायुद्धातून परतताना काहीतरी आणलं, अशा घरांनी बोअर नीट वाचावा. पॉइंट ३०३ किंवा ७.६२ ची रायफल, पॉइंट ४१० ची मस्केट, पॉइंट ३८० किंवा पॉइंट ४५५ ची काडतुसं घेणारं रिव्हॉल्व्हर, ९ मिलिमीटरचं लष्करी पिस्तूल ही सगळी प्रतिबंधित बोअरची शस्त्रं. यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावं लागतं, आणि विनापरवाना सापडल्यास शिक्षा ७ ते १४ वर्षांची. असं काही हाती लागलं तर वारस परवान्याचा विचार नंतर, त्याच दिवशी वकिलाला फोन करून लेखी अर्जासह जमा करा.

कागदच नसलेली बंदूक हा सर्वांत नाजूक मामला. पणजोबांचं लायसन वाळवीने खाल्लं किंवा कधी काढलंच नव्हतं. अशा वेळी आधी जिल्हाधिकारी कार्यालयातली जुनी परवाना नोंदवही शोधायला अर्ज करता येतो, पण शोध लागेपर्यंत बंदूक घरात ठेवून बसू नका. वकिलाच्या हातून 'मृताच्या सामानात अमुक तारखेला सापडले' असा मजकूर, दोन साक्षीदार आणि जिथे सापडलं त्या जागेचे फोटो घेऊन ती जमा करा.

अगदीच जुनाट, जी दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशी बंदूक कलम ४५ प्रमाणे या कायद्याच्या कक्षेबाहेर येते. पण 'उडत नाही' हे ठरवणारे तुम्ही नव्हेत. गंजलेला घोडा बदलला की चालणारी बंदूक इथे बसत नाही. तज्ज्ञाचा लेखी दाखला हवा. शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ लागू होऊ शकतो, म्हणजे तिला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाने ती सामानात बांधायचा विचार सोडून द्यावा. त्याच ट्रंकेत तलवार, भाला, संगीन निघाली तर, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत आणि जिथे अधिसूचना आहे तिथे परवाना लागतो. त्यांचाही उल्लेख अर्जात करा. मुलांसाठी घेतलेली पॉइंट १७७ ची साधी छऱ्याची एअरगन, जिची ताकद २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही.

परदेशातल्या वारसाने इथल्या भावंडाच्या नावाने मुखत्यारपत्र द्यावं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत चुकली की कार्यालय तेच पत्र परत करतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांचे वडील अजून धडधाकट आहेत त्यांना आज करता येण्याजोगं एक काम आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस नेमून त्याच्या नावाने परवान्याचा अर्ज करायला लावू शकतो. किंवा सरळ स्वतः विकून परवाना परत करू शकतो. स्वतः परवानाधारक हयात असताना हे काम जेवढ्या कागदांत होतं, त्याच्या दुप्पट कागद त्याच्या माघारी लागतात.

आणि जिथे प्रकरण पूर्ण झालं, तिथे परवाना रद्द झाल्याचं पत्र मागून घ्या. बंदूक गेली तरी माहितीसंचात मृत व्यक्तीच्या नावाचा परवाना जिवंत राहिला, तर पुढच्या निवडणुकीला ठाण्याचा शिपाई 'शस्त्र जमा करा' म्हणून दारात उभा राहतो. तेव्हा जमा पावती, विक्रीची प्रत आणि हे पत्र, तिन्ही एकाच प्लॅस्टिक फोल्डरमध्ये हाताशी असलेली बरी.